भांड्याचा कान

गरम

"पेटी उघडली आणि ओल्या गोणपाटाचा वास आला, मॅडम! गुलाबाचा चहा आहे हो तो!"

फोनवर मालक रडायच्या बेतात होता. विमा कंपनीच्या तपासनीस बाई तासाभरात कारखान्यात पोचल्या.

गुलाबाचा सुगंध दिलेला काळा चहा. वर गुलाब, खाली बुरशी. ग्राहकाने सगळा माल परत पाठवला होता. मालकाचं म्हणणं सरळ होतं. कारखान्याचा चहा पारखणाऱ्या काकांनी चाखून पास केला, म्हणजे माल चांगलाच होता. नंतर गोदामवाल्याने बदलला. संध्याकाळी त्याला पोलिसांच्या हवाली करायचं.

गोदामवाला जिन्याखाली बसला होता.

"माल बदललास?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग काका चुकले?"

तो कसनुसं हसला. "काकांची जीभ चुकली म्हटलं, तर इथली भिंतसुद्धा माझ्या थोबाडीत मारेल."

चाखण्याच्या खोलीच्या दारावर पाटी होती: अत्तर, पावडर लावून आत येऊ नये. एका बाईच्या केसांना तेल होतं, म्हणून काकांनी तिला दारातूनच हाकललं होतं म्हणे. जुनी गोष्ट. तपासनीस बाई काकांच्या शेजारी जाऊन बसल्या, आणि मग त्यांना स्वतःच्या मनगटावरचं अत्तर आठवलं.

काका काहीच बोलले नाहीत. विमा कंपनीपुढे नमतं घेतलं असेल.

ट्रे घेऊन काकांची सून आली. तिने दारातच नाक मुरडलं. "मॅडम, आधी हात धुऊन या. बाबांना चालत नाही."

कारखान्यात सगळे तिला वहिनी म्हणत. ती चहा भिजवायची, कपात गाळायची, प्रत्येक कपामागे त्याचं भांडं मांडायची आणि नाव सांगायची. काका चमचाभर चहा जोरात सुर्रकन ओढून पिंपात थुंकायचे.

"पुदिना, बाबा."

"ठीक."

"आलं."

"जास्त झालंय."

"व्हॅनिला."

"पास."

"लिंबू."

"छे! नापास."

पुदिना आणि आल्याच्या भांड्यांचे कान भिंतीकडे होते. व्हॅनिलाचा उजवीकडे. लिंबाचा डावीकडे. बाईंनी ते पाहिलं आणि सोडून दिलं.

"गरम असताना सुगंध सगळं झाकतो," काका म्हणाले. "खोट कळते ती गार झाल्यावर." मग मागे मोबाइल चाळणाऱ्या मुलाकडे मान वळवली. "हा माझा मुलगा. आता या खुर्चीवर हाच बसणार."

"चाखता येतं त्यांना?"

"शिकेल. घराण्याची जीभ आहे."

वहिनींच्या हातातला कप बशीवर जरा जोरातच आदळला.

कोमट

बाई पॅकिंगच्या बायकांकडे गेल्या.

"चाखून उरलेल्या चहाचं काय होतं?"

"पास झालेला आमच्या किटलीत, नापास मोरीत. फुकटचा चहा, मॅडम, नावं कशाला ठेवायची?"

"त्या गुलाबाच्या दिवशी?"

"त्या दिवशी घसा कोरडाच! वहिनींनी सगळा मोरीत ओतला. म्हटलं, पास झाला ना? तर म्हणाल्या, हातून सांडला."

आता थांबा. बाईंना जे ठाऊक होतं, ते सगळं तुम्हालाही ठाऊक आहे. त्या मोरीपाशी थोडा वेळ उभ्या राहिल्या. तुम्हीही राहा.

गार

बाईंनी वहिनींना मालकाच्या केबिनमध्ये बसवलं आणि चहा दुसऱ्या बाईकडून भिजवून घेतला. सगळ्या भांड्यांचे कान उजवीकडे.

"पुदिना, काका."

"ठीक."

"आलं."

"हे काय! नुसतं पाणी."

"गुलाब."

काकांनी कान पाहिला. चहा ओढला. थुंकले. "उत्तम. पास."

दारात उभ्या मालकाने नाकाला रुमाल लावला होता. चहा परत आलेल्या पेटीतला होता.

बाईंनी वहिनींना बोलावून घेतलं.

"काकांना वास येत नाही," त्या म्हणाल्या. "माझं अत्तर त्यांना कळलं नाही. पुदिन्याचा गारवा आणि आल्याची तिखट धग जिभेला कळते, तिथे त्यांना मदत लागत नाही. बाकी सगळं वहिनींच्या नाकाने चालतं. कान उजवीकडे म्हणजे पास, डावीकडे म्हणजे नापास."

"मागे ताप आला, त्यानंतर गेला वास," काका पुटपुटले. "पण मग ती चुकली असेल. माणूस आहे."

"चुकल्या असत्या, तर तो चहा बायकांच्या किटलीत गेला असता. पास झालेला चहा मोरीत ओतला, कारण तो सडका आहे हे त्यांना ठाऊक होतं. म्हणजे माल आधीपासूनच सडका होता. गोदामवाल्याने काही बदललं नाही."

वहिनींनी मान खाली घातली नाही. "गुलाबाच्या आदल्याच दिवशी बाबांनी खुर्ची यांना द्यायचं ठरवलं," त्या नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या. "यांना व्हॅनिला आणि फिनेल यातला फरक कळत नाही. म्हटलं, बाबांची जीभ एकदा सगळ्यांना दिसू दे. गोदामवाल्यावर येईल असं वाटलं नव्हतं."

"आणि त्याच्यावर आलं तेव्हा?"

जिन्याखालून खोकल्याचा आवाज आला.

"खुर्ची हवी होती, तर मागायची होतीस," काका म्हणाले.

"मागितली होती, बाबा. दोनदा. तुम्ही म्हणालात, सुनेचा हात चहा भिजवायला चांगला आहे."

मालक गोदामवाल्याला आणायला गेला. मुलाने मोबाइल खिशात ठेवला.

काकांनी गुलाबाचा गार झालेला कप पुढे ओढला. या वेळी थुंकले नाहीत. गिळला.

"कडू आहे," ते म्हणाले. "एवढं मात्र अजून कळतं."