हातबंदी

नागपूरचं विमान दीडला उतरलं आणि दोनच्या आत हेमांगी टिळेकर वाघजाई विमानतळाच्या सामान-तक्रार कक्षात मैथिली दिघेसमोर येऊन बसल्या होत्या. निळी बॅग त्यांनी स्वतःच ओढत आणली होती. बॅगेची चेन नीट लावलेली होती, कुलूपही जागच्या जागी होतं. फक्त आतली मखमली पिशवी रिकामी होती.

"माझ्या आईची मोहनमाळ होती त्यात," हेमांगीबाई म्हणाल्या. "उद्या भाचीचं लग्न आहे. तिच्या गळ्यात घालणार होते मी."

मैथिलीने मान हलवली, पण लगेच हळहळली वगैरे नाही. अकरा वर्षं या खुर्चीत काढल्यावर माणूस हळहळण्याआधी समोरच्याचे डोळे बघतो. विम्यासाठी स्वतःचंच सामान गायब करणारे तिने पुष्कळ पाहिले होते. त्यांतले निम्मे रडलेही होते.

"काकू, बॅग साक्षी-अस्तराची आहे ना?"

"हो तर! मुलाने घेऊन दिलीय, तीन वर्षांपूर्वी. तेव्हाच माझा हात नोंदवला होता."

आता बहुतेक बॅगांना हे अस्तर असतं. मुठीला आणि चेनीला चिकटवलेला केसाइतका पातळ थर. पकड किती घट्ट, तळवा किती गरम, बोटं किती थरथरतात, यावरून तो हात ओळखतो आणि कोणानंतर कोणाचा हात लागला ते क्रमाने लक्षात ठेवतो. घड्याळ त्याला नसतं. पण क्रम तो विसरत नाही. अस्तरं आली तशा विमानतळावरच्या चोऱ्या एकदम कमी झाल्या. मग सामानाच्या पट्ट्याजवळचे कॅमेरेही काढून टाकले गेले, बॅगाच साक्ष देतात म्हणून. विजेची बचत झाली असं परिपत्रक आलं होतं.

मैथिलीने वाचक-यंत्र मुठीला टेकवलं. पडद्यावर अहवालाची एकच लाल ओळ उमटली.

*अनोळखी हात. चेन उघडली. आतला कप्पा. तीव्र कंप, भीतीची शक्यता मोठी. संभाव्य जुळणी : रविकिरण घुले, सामान विभाग.*

"बघा!" हेमांगीबाई म्हणाल्या. "आमच्याकडे पोळ्यांना अलका यायची, तिलाही या बॅगेनंच पकडलं. चांदीची वाटी गेली होती बॅगेतून. नऊ वर्षं घरात वावरलेली बाई, पण यंत्राला त्याचं काय? मुलाने तक्रार केली, मी तीन-चारदा हात टेकवला तेव्हा सही लागली. झाली तिची हातबंदी."

हातबंदी म्हणजे काय ते मैथिलीला कोणी सांगायला नको होतं. एकदा हात चोराचा ठरला की त्याचा नमुना देशभरातल्या सगळ्या अस्तरांना पोचतो. मग तो हात कुठल्याही बॅगेला लागला की बॅग किंचाळते. दारांच्या मुठी, सोसायट्यांची फाटकं, तिजोऱ्या, सगळीकडे आता तेच अस्तर आलं होतं. तुरुंगातून माणूस कधीतरी सुटतो तरी.

तिने घुलेला बोलावून घेतलं. पंचेचाळिशीचा, रुंद खांद्यांचा घुले टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला. त्याच्या उजव्या तळव्याला फडकं बांधलेलं होतं.

"हाताला काय झालंय?"

"सकाळी एका बॅगेचं चाक तुटल्यालं, त्याचा पत्रा लागला मॅडम. म्हणून तर यंत्र मला वळखंना. निळी बॅग मीच उतरवली, पट्ट्यावर मीच टाकली. पण चेनीला हात न्हाई लावला."

"फडकं आजच बांधायचं सुचलं?" हेमांगीबाई म्हणाल्या.

घुलेने त्यांच्याकडे पाहिलं नाही. "मॅडम, वीस वर्षं वझी उचलतोय. हातबंदी झाली तर मी काय उचलू? पोरीची शाळेची पिशवीसुद्धा वरडंल माझ्यावर."

मैथिलीला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणूनच तिने स्वतःला आवरलं. ऐन चोरीच्या दिवशी तळव्याला फडकं हा योगायोग तिला जरा जास्तच सोयीचा वाटत होता. विमान उतरल्यापासून तीन तासांत निकाल द्यायचा नियम होता. साडेचारला तिने आणि बॅगेच्या मालकिणीने यंत्रावर हात टेकवला की घुलेचा विषय संपणार होता.

तिने शिपायाला चहा सांगितला आणि अस्तराच्या कंपनीकडून बॅगेला लागलेल्या हातांची पूर्ण यादी मागवली. खरं तर याची गरज नव्हती. लाल ओळीवर सही करून मोकळं व्हायचं, असंच सगळे करत. पण यंत्राने 'संभाव्य' म्हटलं होतं, आणि तो शब्द मैथिलीच्या दाताखाली खड्यासारखा आला होता.

यादी आली तेव्हा तीन वाजले होते. अनोळखी हात. मग नागपूर विमानतळाच्या सामान विभागातले दोन नोंदलेले हात. मग अर्धवट झाकलेला एक हात, तो घुलेचा. आणि शेवटी पुन्हा तोच, पहिला अनोळखी हात.

मैथिलीने यादी दोनदा वाचली. चेन उघडली गेली होती ती अगदी सुरुवातीला, विमानतळावरच्या कोणाचाही हात लागण्याआधी. फडक्यामुळे घुलेचा हात नीट ओळखू येईना, म्हणून यंत्राने तो अनोळखी हातही त्याच्याच नावावर टाकला होता. आणि पूर्ण यादीत एक हात कुठेच नव्हता. बॅग नागपूरला ज्यांनी ओढत नेली, इथे ज्यांनी ओढत आणली, त्या हेमांगी टिळेकरांचा.

म्हणजे बाईच लबाड! घरीच माळ काढून ठेवली, हातावर काहीतरी चढवून यंत्राला फसवलं, आणि आता गरिबावर आळ घेताहेत. मैथिलीच्या डोक्यात तिडीक गेली.

"काकू, बॅग रिकामी करा."

"म्हणजे? माझीच झडती घेणार तुम्ही?"

"हो."

साड्या निघाल्या, आहेराची पाकिटं निघाली, औषधांचा डबा निघाला. तळाशी स्टीलचा एक गोल डबा होता, वर चिकटपट्टीचे दोन वेढे घातलेला. "मेतकूट आहे. भाचीला आवडतं," हेमांगीबाई तुटकपणे म्हणाल्या.

मैथिलीची आत्या प्रवासाला निघाली की पाटल्या तांदळाच्या डब्यात खुपसायची. तिने चिकटपट्टी सोडवली आणि मेतकुटात चमचा घातला. चमचा कशाला तरी अडकला. पिवळ्या पिठातून मोहनमाळ वर आली.

घुलेने मोठ्याने श्वास सोडला आणि भिंतीला टेकला.

"नाटक पुरे झालं काकू," मैथिली म्हणाली. तिला पुढेही बरंच बोलायचं होतं, पण हेमांगीबाईंचा चेहरा पाहून ती थांबली. असा चेहरा तिच्या अकरा वर्षांत कुठेच बसत नव्हता.

"आईची पद्धत ही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "नागपूरला बाकावर बसले होते. समोरचा एक माणूस सारखा बॅगेकडे बघत होता... एवढं आठवतंय. डबा मी उघडला असणार. मीच. पण मला आठवत नाही गं."

चहा येऊन कधीचा गार झाला होता. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी कप उचलला. कप बशीवर वाजत राहिला, चहा साडीवर सांडला. त्यांनी दुसऱ्या हाताने तो हात धरला, सवयीने, रोजच धरत असल्यासारखा.

मैथिलीला आपण बोललो त्याची लाज वाटली. तिने गुपचूप बॅगेच्या जुन्या प्रवासांची नोंद उघडली. मालकिणीच्या हाताची जुळणी पहिल्या वर्षी नव्व्याण्णव टक्के होती. गेल्या वर्षी चौऱ्याऐंशी. या वर्षी एकसष्ट, आणि नंतर पडद्यावर आकडाच नव्हता, नुसतं 'अनोळखी'. कंप दर वेळी थोडा वाढलेला. हे सगळं कंपनीकडे होतं. कोणी त्यांना डॉक्टरकडे जा म्हणून कळवलं नव्हतं. चोराची भीती म्हणून त्याची नोंद तेवढी झाली होती.

तिने पडदा त्यांच्याकडे वळवला.

हेमांगीबाईंनी चष्मा लावून आकडे वाचले. त्या भूमितीच्या शिक्षिका होत्या. "तीस वर्षं फळ्यावर कंपासशिवाय वर्तुळ काढलंय मी," त्या म्हणाल्या. "मुलं टाळ्या वाजवायची." त्यांचं बोट 'अनोळखी'वर येऊन थांबलं होतं आणि तिथेच थरथरत होतं. "ही पहिली वेळ कधीची?"

"फेब्रुवारी. प्रवास नाही दिसत. घरातच बॅग उघडलीय."

"वाटी," हेमांगीबाई म्हणाल्या. "अगं, ती वाटी... तो अलकाचा हात नव्हता. ती पाया पडत होती माझ्या. मी म्हटलं, यंत्र कशाला खोटं बोलेल?"

घुलेने पुढे येऊन साड्या घडी करून बॅगेत ठेवायला सुरुवात केली.

"तिची बंदी उठवता येते ना?" हेमांगीबाईंनी विचारलं. "आत्ताच्या आत्ता. काय लागतं त्याला?"

"तक्रार मागे घ्यायची. ज्यांनी सही केली त्यांनी हात टेकवायचा. बस्स."

मैथिलीने अर्ज उघडला, अलका शेंदरेचं नाव शोधलं आणि यंत्राची काचेची पट्टी पुढे सरकवली. हेमांगीबाईंनी पदराला तळवा पुसून पट्टीवर ठेवला.

*मालकाचा हात ओळखता आला नाही.*

त्यांनी पुन्हा ठेवला, जोर देऊन. यंत्राने तेच सांगितलं. मैथिलीने कंपनीला फोन लावला. पलीकडचा गोड आवाज म्हणाला, हात नव्याने नोंदवता येईल, पण त्यासाठी आधीचा हात ओळखला जायला हवा. सुरक्षेचा प्रश्न आहे. मुलगा अर्ज करू शकेल का, मैथिलीने विचारलं. नाही, सही ज्यांच्या हाताची, तक्रार मागे घ्यायची तीही त्यांच्याच हाताने.

"नुसतं थरथरणं थांबलं पाहिजे ना?" घुले म्हणाला. "थांबा काकू."

त्याने फडकं सोडून टाकलं. जखम अजून ओली होती. त्याने आपला रुंद तळवा त्यांच्या हातावर ठेवला आणि पोळपाटावर पोळी दाबावी तसा हलकेच दाबून धरला. हेमांगीबाईंनी डोळे मिटले. हात खरंच थांबला होता. मैथिली पडद्याकडे बघत राहिली.

यंत्राने नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला.

*दोन हात आढळले. एक नोंदलेला : रविकिरण घुले. एक अनोळखी. अनोळखी हाताविरुद्ध तक्रार नोंदवायची आहे का?*