गार इंजिन

थंडी वाढायच्या आत दादाच्या मोटरसायकलचं इंजिन नीट करून घ्यायचं मी ठरवलं. ऑइल, प्लग, टॅपेट अशी यादीही केली. गाडी तीस वर्षांची. पण रविवारी गिऱ्हाईक बघायला येणार होतं. दादाला जाऊन अकरा महिने झाले होते. त्या दिवशी तो बसने गेला आणि बस दरीत कोसळली. शवागारात ओळख पटवायला मीच गेलो होतो. तरी वहिनी रोज संध्याकाळी ताट वाढून फाटकाकडे डोळे लावून बसायच्या. "गाडी नेली असती तर घरी पोचले असते," एवढंच म्हणायच्या. गाडी विकली की त्यांचं वाट बघणंही सुटेल, असं मला वाटत होतं.

टॅपेटची, म्हणजे इंजिनाच्या झडपांवरची, फट इंजिन पूर्ण गार असतानाच मोजावी लागते. बुधवारी सकाळी हत्यारं घेऊन बसलो, तर इंजिन कोमट लागलं. मी कारखान्यात मापं तपासणारा माणूस; हाताच्या अंदाजावर विसंबत नाही. थर्मामीटर लावला. गॅरेजमध्ये सतरा अंश, इंजिन एकेचाळीस.

मेकॅनिकला फोन केला. तो हसला. "साहेब, कोणीतरी फेरी मारून आलं असेल. गार होऊ द्या."

"टाकीत पेट्रोलच नाही."

"मग उद्या बघा."

गुरुवारी त्रेपन्न. मी ऑइल काढून डब्यात भरलं, प्लग काढून खिशात घातला, चेन उतरवली आणि गॅरेजची किल्ली स्वतःजवळ ठेवली. शुक्रवारी सायलेन्सरला हात लागला आणि बोटं भाजली. आता मात्र मी घाबरलो.

वहिनींना यातलं काही सांगितलं नव्हतं. जेवताना त्यांनीच विचारलं, "भावोजी, आता फार लांब नसेल ना हो?"

"काय?"

"काही नाही. जेवा तुम्ही."

शनिवारी मी गॅरेज उघडलंच नाही.

रविवारी सकाळी इंजिन गार होतं. सतरा अंश. मी एकटाच मोठ्याने हसलो. टॅपेट लावले, प्लग आणि चेन परत बसवली, नवं ऑइल भरलं आणि गिऱ्हाईक येणार असल्याचं सांगायला वर गेलो.

वहिनींनी दार अर्धंच उघडलं. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा निवांत दिसत होता.

"हळू बोला, भावोजी. आत्ताच डोळा लागलाय."

आतल्या खोलीतून घोरणं ऐकू येत होतं. लहानपणी एकाच खोलीत झोपताना त्याच घोरण्यापायी मी रोज कानावर उशी दाबून घ्यायचो.