पहिल्या हाकेचं पान

लाईट गेलीच आहे तर ऐका. शुभंकर, तो मोबाईल खिशात घाल, भूत काही त्यात येत नाही. आणि ही कुठली ऐकीव गोष्ट नव्हे. माझी चुलतसून रेणुका, अंगणवाडी सांभाळते ती, तिच्याच बाबतीत यंदा घडलेली आहे.

पाडव्याच्या आदल्या दिवशी रेणुका राजापूरला गेली होती, गुढीला साखरेची माळ आणायला. मुंबईकर मंडळानं आपल्या गावाचं पुस्तक काढलं होतं आणि दुसऱ्या दिवशी देवळात त्याचं प्रकाशन होतं. स्टँडसमोरच्या दुकानात प्रती आधीच आल्या होत्या. तिनं एक विकत घेतली आणि गाडीची वाट बघत उभ्या उभ्याच आपलं पान शोधायला लागली. आजेसासूवर, म्हणजे तुळसा सुईणीवर, तिनं हौसेनं लिहून दिलं होतं. अनुक्रमणिकेत नाव होतं. आत मात्र शेहेचाळीसनंतर थेट एकोणपन्नास. पुस्तक नीट उघडून बघते तर शिवणीत कापलेल्या कागदाची बारीक पट्टी. दुकानातल्या बाकीच्या प्रतीही तशाच.

तिनं मंडळाच्या सेक्रेटरीला, गुरुप्रसादला, तिथूनच फोन लावला.

"छापखान्यात चूक झाली असेल, वहिनी."

"छापखाना ब्लेड घेऊन बसतो काय?"

मग तो म्हणाला, "पुस्तक देवापुढं ठेवायचंय. भुताच्या हाकेला गेलेल्या बाईचं नाव त्यात नको."

आता तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडे रात्री बाहेरून हाक आली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ देत नाहीत. भूत तिसऱ्यांदा हाक मारत नाही म्हणतात. तुळसा पहिल्याच हाकेला उठायची. अडलेली बाई काय तिसऱ्या हाकेपर्यंत थांबते? एका पावसाळी रात्री ती अशीच गेली आणि सकाळी खालच्या ओढ्यात, व्हाळाच्या पाण्यात, मेलेली सापडली. भुतानं नेली, असं गावानं ठरवून टाकलं. रेणुकानं पानावर खरं काय ते लिहिलं होतं. त्या रात्रीची हाक गुरुप्रसादच्या बापाची होती. बाळंतपण सुखरूप झालं, हाच गुरुप्रसाद जन्मला. सुईणीला कंदील घेऊन घरापर्यंत सोडायची रीत. त्या रात्री सोडायला कोणी उठलं नाही. मला तर सांगतानाही चीड येते.

रेणुका रडत बसली नाही. मजकूर तिच्या मोबाईलमध्ये होताच. तिनं झेरॉक्सवाल्याकडून पानांचा गठ्ठा काढून घेतला, वाडीतल्या घरांनी घेतलेल्या प्रती गोळा केल्या आणि रात्री पडवीत खळ घेऊन चिकटवायला बसली. मुंबईहून आलेला मोठा खोका मात्र देवळात बंद होता. कुलपाची किल्ली गुरुप्रसादच्या खिशात.

फाल्गुनातली अमावस्या. बारा वाजून गेलेले.

बाहेरून हाक आली.

"रेणुका…"

बाईचा आवाज. धाप लागलेला.

आतल्या खोलीत तिची सासू येसूबाई अंथरुणावर उठून बसली. "ओ देऊ नको गो. तिसरी येवं दे."

रेणुकाचा हात थांबला. कुत्रं भुंकत नव्हतं. झावळी हलत नव्हती. दुसरी हाक आली नाही…

ती उठली. "आपल्या घरात पहिल्या हाकेला उठतात, आई."

कडी काढली.

"ओ."

अंगणात काळोख. कोणी नाही. नुसती टपटप… ओल्या लुगड्यातून पाणी गळावं तशी. पाऊस नव्हता.

टपटप जवळ आली. पायरीपाशी…

रेणुका मागे सरली नाही. "भिववायला आली असशील तर परत जा," ती म्हणाली. "हातभार लावायला आली असशील तर ये."

टपटप थांबली.

…

तिनं दार उघडंच ठेवलं आणि दाराकडे पाठ करून पुन्हा कामाला बसली. मागं वळून एकदाही बघितलं नाही. पहाटे कधीतरी तिचा डोळा लागला.

सकाळी देवळात गाव जमलं. गुरुप्रसादनं स्वतः कुलूप काढलं, स्वतः खोक्याची चिकटपट्टी कापली. वरची प्रत घेऊन चाळायला लागला आणि मध्येच थांबला. दुसरी काढली. तिसरी. सगळ्यांत पान होतं.

"मी स्वतः ब्लेडनं…" एवढंच तो बोलला.

पान चिकटवलेलं नव्हतं. पांढऱ्या दोऱ्यानं दोन ठिकाणी बांधलेलं होतं. येसूबाई पुढं झाली. गाठीवरून तिनं अंगठा फिरवला.

"नाळ बांधायची गाठ ही. आमच्या सासूबायची," ती गुरुप्रसादकडे बघत म्हणाली. "तुझी पण अशीच बांधलीन तिनं."

"आता ठेवा देवापुढं, भावजी," रेणुका म्हणाली.

त्यानं पुस्तक ठेवलं. हात मागे घेतला, तेव्हा त्याच्या बोटांवरून पाणी ओघळत होतं.