वैमानिकाची आखणी

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. गेल्या मे महिन्यात, रोह्याला, माझ्या स्वतःच्या घरात घडलंय. हसायचं त्यांनी हसून घ्यावं. आधी मीही हसलोच होतो.

मी कंपनीत शिफ्टला जातो आणि उरलेल्या वेळात प्लास्टिकची विमानं जोडतो. बायको, नूतन, म्हणते, केस पिकले तरी खेळणी सुटत नाहीत. तेव्हा दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन मेसरश्मिट हाती होतं. राखाडी रंग सुकला, पंखांवरचे काळे क्रॉस झाले. राहिला फक्त वैमानिक, बोटाच्या पेराएवढा. त्याचे डोळे मला जमेनात.

नूतनचा धाकटा भाऊ कमळाकर पेणच्या कारखान्यात गणपतींचे डोळे काढतो. त्या कामाला तिथे आखणी म्हणतात. त्या हातावरच त्याचं घर चालतं. रविवारी वैमानिक डबीत घालून मी पेण गाठलं.

त्याने बघितलं आणि डबी परत सरकवली.

"भावोजी, आखणी झाली की तो बघाया लागतो. आमच्या गनपतीला न्यायला मानूस येतो, पाट घेऊन. याला न्यायला कोन येनार हाय?"

मी त्याची टर उडवली. म्हटलं, मीच नेतो की, पाट नाही तर डबी आहे. शेवटी वैतागून त्याने डोळे काढून दिले. सरळ समोर बघणारे.

घरी येऊन वैमानिकाला बसवलं, वरची काच चिकटवली आणि विमान कपाटावर ठेवलं. तोंड भिंतीकडे.

सकाळी तोंड खिडकीकडे होतं...

नूतनने हात लावला नव्हता.

मग आवाज सुरू झाला. भर दुपारी, बारीक घरघर... पंखा बंद केला तरी चालूच.

आणि कमळाकरचा फोन आला.

"भावोजी, डोळं सरळ येतच नाय. सगळे गनपती मागं बघतान. पाठीवर कोनतरी आल्यासारखे."

मालक त्याच्या जागी दुसरा माणूस शोधत होता.

मी काचेतून आत बघितलं. वैमानिकाची दोन्ही बुबुळं कोपऱ्यात गेली होती...

तोही मागेच बघत होता.

काच उचकटली, थिनरचा बोळा फिरवून चेहरा कोरा केला. कमळाकरला म्हटलं, आता काढून बघ. थोड्या वेळाने त्याचा फोन आला, डोळे सरळ आले होते. तो रडत होता. मलाही रडू आवरेना.

फोन ठेवला.

घरघर थांबली नव्हती...

आता ती खोलीभर फिरत होती. भिंतीपर्यंत जायची... टक. वळायची. पुन्हा... टक.

त्याला दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विमान कुंडलिका नदीत सोडून आलो. आवाज घरातच राहिला.

कमळाकरला यातलं काही सांगितलेलं नाही. कळलं तर तो नव्या वैमानिकाचे डोळे काढायला ब्रश घेऊन धावत येईल, तसाच आहे तो. वैमानिकाला पुन्हा डोळे दिले तर कमळाकरचा हात जाईल. म्हणून नूतन आणि मी सगळ्या खिडक्या सताड उघड्या ठेवतो आणि वाट बघतो.

अजून त्याला खिडकी सापडलेली नाही.

हे लिहितानाही, माझ्या मागच्या भिंतीवर...

टक.