धारेवरचे पुसलेले बाण

वळण घेऊन ती कातळापाशी आली आणि जागच्या जागी थिजली. गेल्याच आठवड्यात तिनं स्वतःच्या हातानं रंगवलेला पिवळा बाण एक अनोळखी माणूस तारेच्या ब्रशनं खरवडून काढत होता. तेही मन लावून, गुणगुणत.

डोंगरवाटांवर दिशेचे बाण रंगवणं हे तिचं काम. तिच्याआधी तीस वर्षं ते तिच्या बाबांनी केलं होतं. त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा वाटांची देखभाल करणाऱ्या छोट्याशा कार्यालयानं रंगाचा डबा तिच्या हाती दिला. खाली खोरं, मग जंगल, मग छातीवरची चढण आणि सगळ्यात वर डोंगरमाथ्याची ती लांबलचक धार... या वाटेवरचा दगडन् दगड तिच्या ओळखीचा होता. आणि त्यातलाच एक कुणीतरी भरदिवसा सोलत होतं.

“तो बाण माझा आहे,” ती म्हणाली. तिला एवढंच सुचलं.

त्यानं वळून पाहिलं. केसांवर, भुवयांवर, पार पापण्यांवरसुद्धा पिवळी भुकटी. “असं होय,” तो म्हणाला, “फार पक्का काढलाय. निघता निघत नाही.”

ती भांडणार, तेवढ्यात त्यानं खिशातून तिच्याच कार्यालयाचं पत्र काढून दाखवलं. खाली साहेबांची सही. तो डोंगरांची तपासणी करणारा भूगर्भतज्ज्ञ होता आणि धारेवरची वाट त्याच्या सांगण्यावरून बंद होत होती. हे तिला कळवायची तसदी मात्र कुणी घेतली नव्हती. का बंद करताय, असं तिनं तावातावानं विचारलं. तो तिला चार पावलं पुढं घेऊन गेला आणि गवत बाजूला केलं. जमिनीत एक भेग होती. हात घालून बघा, म्हणाला. तिनं घातला. कोपरापर्यंत हात आत गेला, तरी तळ लागेना. खालून गार हवा बोटांना लागली. तिनं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. वर्षानुवर्षं ती याच जागी बसून डबा खात आली होती.

भेग महिन्याभरात चार बोटं रुंदावली होती. तिनं घरी सांगितलं, तर बाबा भडकलेच. तीस वर्षं मी त्या धारेवर चाललो आणि चार दिवसांचा हा दगडमास्तर मला शिकवणार, म्हणाले. ‘दगडमास्तर’ हे नाव मग गावभर झालं.

कार्यालयानं दोघांना मिळून नवी वाट शोधायला सांगितलं... जंगलातून, ओढ्याच्या काठानं, धार टाळून थेट खिंडीत निघणारी. सहा आठवडे ती दोघं रोज चालत होती. तो खाली बघून चालायचा, कारण त्याचा सगळा जीव दगडांत. ती वर बघून चालायची, कारण बाण कुठून दिसेल हे तिला हेरायचं असे. त्यामुळे ती थांबली की तो हमखास तिच्यावर आदळायचा. सुरुवातीला माफी मागायचा. नंतर नंतर मागेनासा झाला, आणि तीही अंमळ जास्तच वेळा थांबायला लागली.

एकदा तो हातातल्या खड्याचं वय सांगत होता... काही कोटी वर्षं वगैरे.

“आणि माझं?” तिनं सहज विचारलं.

त्यानं मान तिरकी करून तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. “सांगता यायचं नाही. थर फार आहेत. निवांत अभ्यास करावा लागेल.”

कानशिलं तापली तशी ती घाईनं वळली आणि समोरच्या खोडावर ब्रश फिरवू लागली. मागून तो हळूच म्हणाला, “हा बाण माझ्याकडं वळलाय.”

खरंच वळला होता. तिनं तो ओल्या फडक्यानं पुसला, पण हसू काही पुसता येईना.

नवी वाट खुली झाली. त्या दिवशी तो म्हणाला, धारेवरची एक शेवटची नोंद राहिलीय, उद्या सकाळी याल का? ती हो म्हणाली. त्याच्या आवाजात काहीतरी वेगळं होतं, ते तिनं ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

सकाळी चढण लागायच्या आधीच नव्या बुटांनी तिची टाच सोलली. ओढ्याकाठी बसून त्यानं टाचेवर पट्टी लावली. मग तिच्या बुटाची नाडी बांधायला घेतली आणि त्या एका गाठीला इतका वेळ लावला, की तिनं हसून वर पाहिलं.

समोरची धार हलत होती.

आधी आवाजच नव्हता. झाडं उभीच्या उभी खाली चालत आल्यासारखी दिसली. मग मधला अख्खा तुकडा, कातळासकट, दरीत बसला, आणि त्यानंतर तो आवाज आला. पोटात शिरणारा. धूळ उसळली. पाखरं वेड्यासारखी डोक्यावरून गेली. धूळ बसली तेव्हा, ज्या जागी त्या वेळी ती दोघं असणार होती, तिथं नुसतं आभाळ होतं.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“नोंद घ्यायची नव्हती,” तो म्हणाला. “माझं काम वाट नक्की झाली तेव्हाच, तीन आठवड्यांपूर्वी, संपलंय. मी तुमच्यासाठी राहिलो... तिथून दोन्ही खोरी दिसतात, म्हणून तुम्हाला तिथं नेऊन काहीतरी विचारायचं होतं. दहा मिनिटांत काय होणार, असं वाटलं. असं वाटून घेऊ नका म्हणून लोकांना बजावणारा मी.”

ती उठली आणि लंगडत घरी आली.

दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. बाबा खिडकीशी बसून धारेतलं खिंडार बघत राहायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्यांना सगळं सांगून टाकलं. ते संतापतील असं तिला वाटलं होतं.

“चुकलाच तो,” शेवटी ते म्हणाले. “पण नोंद घ्यायची होती असं म्हणून मोकळा झाला असता, तर तुला जन्मात कळलं नसतं.” मग खिडकीकडं बघतच म्हणाले, की दगडमास्तर खोली रिकामी करतोय, दुपारच्या गाडीनं चाललाय.

ती गेली तेव्हा तो जमिनीवर बसून फळीवरचे दगड एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवत होता. तिला दारात पाहून त्याचे हात थांबले.

“मी रागावलेय,” ती म्हणाली. “अजून महिनाभर तरी रागावणार आहे.”

“हो.”

“तो राग ऐकायला कुणीतरी इथं लागेल.”

त्यानं हातातला दगड खाली ठेवला.

“धारेवर काय विचारणार होतात?”

“आता मला तो हक्क—”

“हक्काचं माझं मी बघते. तू विचार.”

ते ‘तू’ दोघांनीही ऐकलं. तो बसल्या बसल्याच म्हणाला, “माझ्याबरोबर राहशील? कायमची?”

ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली, खोक्यातलं सगळ्यात वरचं पुडकं घेतलं, कागद सोडवला आणि आतला दगड फळीवर होता तिथं ठेवून दिला.

दुसरं पुडकं त्यानं सोडवलं.