जुन्या नावाची हाक

मंगळवारी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी हे सुरू झालं. वेळ एवढी पक्की सांगता येते, कारण सव्वातीनला पापड उलटायचे होते आणि स्वप्नालीला पाच मिनिटं उशीर झाला होता.

उशीर झाला तो कॅलेंडरच्या एका पानामुळे. पिठाच्या डब्यामागे ती ते पान लपवून ठेवायची आणि त्याच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर काहीबाही लिहायची. सातवीनंतर शाळा सुटली, ही खोड काही सुटली नाही. आज लेकीच्या बाहुलीवर दोन ओळी सुचल्या होत्या. बाहुली स्वप्नालीच्या आईनं रोह्याहून पाठवलेली, तिच्याच शाळेच्या निळ्या गणवेशातून शिवलेली. तोंडाच्या जागी लाल दोऱ्याचे दोन टाके.

"झाली का कविता, राणीसरकार?" अंगणातून सासूचा, सीताबाईचा आवाज आला. "आधी पापड गोल लाटायला शीक गो. तुझा पापड बघून गिऱ्हाईक विचारतंय, हा कंचा नकाशा?"

पान लपवून ती बाहेर आली. पेणच्या रामवाडीतलं अंगण, खाटेवर पापड, खाटेच्या सावलीत साडेतीन वर्षांची किमया आणि तिच्या मांडीवर बाहुली. खाडीकडून खारट वारा येत होता, तो थांबला. शेजारच्या गिरणीची घरघर थांबली. भिंतीवर चार कावळे बसले होते, पण एकाचीही चोच हलेना. पापडखाराचा वास मात्र इतका दाटला की घशात उतरला.

त्या शांततेत किमया ठेक्यात म्हणायला लागली.

चिंध्यांची मी बाहुली, मला चिंध्यांचंच पोट,
दोरा घालून सुईत कुणी शिवले माझे ओठ.
तांदळावर नाव लिहिलं, तांदूळ गेले रांधून,
जुनं नाव ठेवलंय मी पदराला गं बांधून.

पहिल्या दोन ओळी आत्ता आत लिहिलेल्या. कुणाला वाचून दाखवल्या नव्हत्या, आणि पोरीला अजून अक्षर येत नव्हतं. पुढच्या दोन ओळी तर स्वप्नालीनं लिहिल्याच नव्हत्या.

"कुणी शिकवलं गो तुला?"

"बाहुली सांगते."

स्वप्नाली दोन पावलं मागं सरली. तिच्या लग्नात ताटातल्या तांदळावर नवऱ्यानं, साईराजनं, अंगठीनं 'स्वप्नाली' लिहिलं होतं. तिचं माहेरचं नाव पारी. 'वाडीवरचं नाव हाय ते, आमच्या दारात नाय चालणार,' असं सीताबाईनंच ठरवलं. पाच वर्षांत या घरात ते नाव कुणी घेतलं नव्हतं.

"पारी..."

हाक किमयाच्या मांडीवरून आली. किमयाचं तोंड मिटलेलं होतं.

सीताबाईच्या हातातला पापड मोडला. "ओ देऊ नको..." ती कुजबुजली. "नाव घेऊन बोलावतंय ते... ओ दिली की माणूस गेलंच..."

"पारी..."

"आई, कुणीच ओ देत नाय," किमया म्हणाली. "मी देऊ ओ?"

"गप!" सीताबाई ओरडली. "दुसऱ्याच्या नावाला तर मुळीच नाय! त्या नावाचं होऊन निघून जातं माणूस... आण ती बाहुली, चुलीत घालते."

"पारी..."

किमयाचे ओठ गोल झाले.

स्वप्नाली तशी भित्री. पोरीला दोन शिंका आल्या तरी डॉक्टरकडे पळणारी. पण त्या गोल झालेल्या ओठांवर तिनं तळहात दाबला आणि गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "ओ! मीच पारी. काय काम हाय?"

वारा सुटला. गिरणी घरघरली. बाहुलीचे लाल टाके उसवून दोरा जमिनीवर पडला होता.

"पोरी... हायस ना तू?" सीताबाईनं लांबूनच विचारलं.

"हाय. सकाळपेक्षा जास्त हाय. आणि आत्याबाई, बाहुली चुलीत जाणार नाय. आजपासून मला पारी म्हणायचं. तुमच्या लेकानं पण."

सीताबाई काही बोलणार, एवढ्यात पुन्हा हाक आली.

"ठमा..."

"ठमा कोण?" पारीनं विचारलं.

सासू मटकन खाटेवर बसली, पापडांवरच. "माझ्या आयेनं ठेवलेलं नाव हाय ते... चाळीस वर्सं झाली गो..."

"मग द्या ओ."

"भ्या वाटतंय..."

"मी हात धरते."

सीताबाईनं ओ दिली. आवाज इतका कोवळा निघाला, की सात वर्षांची पोर बोलल्यासारखा.

तेव्हापासून रोज तीन वीसला हाक येते. बायका पापड लाटायच्या निमित्तानं जमतात. गल्लीतल्या नऊ जणी आपापल्या जुन्या नावाला ओ देऊन ताठ मानेनं घरी गेल्या. साईराज म्हणाला, खाडीत टाकू ती बाहुली. पारी म्हणाली, टाकून तर बघ.

पण गेले अकरा दिवस एकच नाव येतंय. वेणू. गल्लीत त्या नावाची कुणीच नाही. आधी हाक अंगणातून यायची, आता घरातून येते, बाहुली बाहेर असली तरी. त्या वेळी पारी पोरीच्या तोंडावर हात ठेवून बसते. काल तिच्या बोटांमधून पोरीची अर्धी ओ निसटली. आज सकाळी 'किमया' म्हणून हाक मारली, तर पोरीनं तिसऱ्या हाकेला मान वर केली.

तेव्हा पेणात असो, रोह्यात असो, लग्नाआधी जी कुणी वेणू होती तिला एवढं कळवा. भिऊ नको म्हणावं, ओ दे. तुमच्या शेजारणीलाही सांगा, ती पुढं सांगेल. फक्त तीन वीसच्या आत सांगा.