सहा लाखबंद बाटल्या

माझा भाऊ दयानंद दारू पीत नव्हता, हे आधीच सांगून टाकते. पूर्वी प्यायचा. इतका, की राजाजीनगरच्या आमच्या गल्लीत रिक्षावाले पत्ता न विचारता त्याला आणून टाकत. तीन वर्षांपूर्वी लिव्हरनं हात टेकले आणि सुटली एकदाची. पुन्हा प्यायलात तर वाचवता येणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

आणि या शहाण्यानं पैसे कशात गुंतवावेत? फ्रान्सच्या जुन्या रेड वाइनमध्ये!

"प्यायला नाही गं अक्का, ठेवायला. दहा वर्षांनी विकायची. कपाटाची किल्ली तूच ठेव, मग तर झालं?"

सहा बाटल्या. बुचावर लाल लाख. त्यांच्यासाठी इंदिरानगरच्या त्याच्या फ्लॅटमध्ये काचेच्या दाराचं थंड कपाट आलं. बूच सुकू नये म्हणून बाटल्या आडव्या ठेवायच्या. घेणारा आधी मानेतली पातळी बघतो म्हणे, उतरलेली दिसली की भाव पडतो. म्हणून दर महिन्याला मी जाऊन त्या उभ्या करायची आणि पट्टीनं मोजायची. वीस वर्षं लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या बघतेय, माझं मोजमाप चुकत नाही.

चौथ्या महिन्यात पातळी दोन बोटं उतरली होती. सहाही बाटल्यांत. लाखेला चीर नाही, कपाटात ओल नाही.

मी त्याच्यावर तुटूनच पडले. "दुसरी किल्ली करून सुई घालून ओढतोस काय रे? लाज नाही वाटत?"

तो ढसाढसा रडला. "लेकीची शपथ, अक्का."

"अहो अक्का, दिवसभर घरातच काम करतात, माझ्या डोळ्यांसमोर," त्याची बायको शिवलीला म्हणाली.

मला दोघांचंही पटलं नाही. गेली ती थंडी खड्ड्यात म्हटलं, आणि बाटल्या उचलून राजाजीनगरला आणल्या. माझ्या लोखंडी कपाटात, साड्यांखाली. घरात मी एकटी.

आठवड्यानं कपाट उघडलं. सहाही बाटल्या निम्म्या झाल्या होत्या. लाख जशीच्या तशी.

तेवढ्यात शिवलीलाचा फोन. "अक्का, ह्यांच्या तोंडाला वास येतोय हो. आठ दिवसांत उंबरा ओलांडला नाहीये. ओठ बघा कसे जांभळे पडलेत."

कशाचा कशाशी संबंध लावायचा, काही सुचेना. एवढंच कळलं, की त्या बाटल्या आता जगात नकोत. फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला. सुरीनं लाख फोडली, लाटण्याच्या टोकानं बूच आत ढकललं आणि बाटली बेसिनमध्ये उपडी केली. वास डोक्यात जात होता. पदर नाकाला लावून, तोंड फिरवून ओतत राहिले.

एक. दोन.

"अक्का! हे खाली पडले!"

"कुशीवर वळव त्याला! अँब्युलन्स बोलव! मी संपवतेय सगळं, आत्ता संपवते!"

तीन. चार.

शिवलीलाचं रडणं ऐकू येत होतं. मग ते थांबलं.

"अक्का..."

दयानंद. तीच जड झालेली जीभ. तीन वर्षं ती ऐकू येऊ नये म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते.

"स्वल्प थांब गं. श्वास तरी घेऊ दे."

माझा हात तसाच राहिला.

"ही पाचवी ना?"

मी तोंड वळवलं. ओट्यावर चार रिकाम्या बाटल्या होत्या. हातातल्या बाटलीतून लाल धार पडतच होती.

बेसिन कोरडं होतं. सकाळी भुरभुरलेली भांड्यांची पावडर तशीच पांढरी होती.